ब्राउझर मूळ स्थितीत आणण्याआधी पाच मिनिटांची एक चाचणी

आपल्या प्रश्नाचा सारांश असा आहे. कर सल्लागाराच्या कार्यालयातील ४ जीबी रॅम आणि विंडोज १० असलेल्या संगणकावर क्रोम उघडायला दीड-दोन मिनिटे लागतात. पत्त्याच्या पट्टीत काही शोधले की निकाल भलत्याच पानावर उघडतात आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात विषाणू आढळल्याच्या सूचना सतत उमटतात. एकदा तर पडदाभर इशारा पसरून ब्राउझर बंदच होईना. ओळखीच्या एका मुलाने ‘रिसेट मारा’, म्हणजे ब्राउझरची सेटिंग मूळ स्थितीत न्या, असे सुचवले आहे. पण बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड जातील या भीतीने आपण थांबला आहात.

भीतीपुरते उत्तर आधी देतो. क्रोम, एज आणि फायरफॉक्स या तिन्ही ब्राउझरांमध्ये सेटिंग मूळ स्थितीत नेल्याने बुकमार्क, साठवलेले पासवर्ड आणि भेट दिलेल्या पानांचा इतिहास पुसला जात नाही. तरीही ते बटण लगेच दाबू नये असे मी म्हणेन. आपण सांगितलेल्या तक्रारी एका कारणाच्या दिसत नाहीत. त्यांतील काही रिसेटने नक्की जातील, तर काहींवर त्याचा काडीचाही परिणाम होणार नाही. गेली बरीच वर्षे लहान कार्यालयांचे संगणक सांभाळताना मी पाहिले आहे की रिसेट करूनही बिघाड तसाच राहिला की लोक थेट विंडोज नव्याने टाकायला निघतात, आणि त्या गडबडीत मात्र खरोखरच सगळे जाते.

रिसेट नेमके कशाला हात लावते हे समजण्यासाठी ब्राउझरचे दोन भाग वेगळे पाहावे लागतात. एक भाग म्हणजे खुद्द प्रोग्राम, जो बहुधा ‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरमध्ये असतो. दुसरा भाग म्हणजे आपले प्रोफाइल. आपल्या विंडोज खात्याच्या ‘ॲपडेटा’ या लपवलेल्या फोल्डरमध्ये ते असते आणि बुकमार्क, पासवर्ड, कुकीज (संकेतस्थळांनी लॉगिन वगैरेसाठी ठेवलेल्या छोट्या नोंदी), एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेले छोटे पूरक प्रोग्राम), कोणत्या संकेतस्थळाला कोणती परवानगी दिली त्याची नोंद, सुरुवातीचे पान, शोधयंत्राची निवड हे सगळे तिथे साठते. ब्राउझर काही महिन्यांनी जड होतो तेव्हा प्रोग्राम सहसा धडधाकट असतो. कचरा प्रोफाइलमध्ये साचलेला असतो. रिसेट हे त्या प्रोफाइलमधील ठरावीक कप्पे रिकामे करण्याचे काम आहे. याच कारणाने क्रोम काढून पुन्हा टाकणे हा दुकानांत सर्रास केला जाणारा उपाय बहुतेक वेळा फुकट जातो. काढताना ‘ब्राउझिंग डेटाही पुसा’ या चौकटीत खूण केली नाही तर जुने प्रोफाइल जागच्या जागी राहते आणि नवा प्रोग्राम तेच उचलतो. खूण केली तर मात्र बुकमार्क आणि पासवर्डही जातात. म्हणजे रिसेटपेक्षा पुनर्स्थापना एक तर निष्फळ, नाही तर अधिक घातक.

आता चाचणी. क्रोमच्या उजव्या कोपऱ्यातील आपल्या खात्याच्या गोल चिन्हावर क्लिक केल्यास खाली ‘गेस्ट’ हा पर्याय दिसतो. तो निवडला की एक कोरी खिडकी उघडते, जिला आपल्या एक्स्टेन्शनशी, कुकीजशी किंवा बदललेल्या शोधयंत्राशी काही देणेघेणे नसते. मूळ खिडक्या बंद करून याच खिडकीत आयकर विभागाचे किंवा जीएसटीचे नेहमीचे पान उघडा, दोन-चार ठिकाणी फिरा, पत्त्याच्या पट्टीतून काहीतरी शोधा. इथे सगळे सुरळीत आणि चपळ चालले तर दोष प्रोफाइलमध्ये आहे आणि रिसेटचा उपयोग होईल. इथेही तीच रडकथा असेल, तर दोष प्रोफाइलच्या बाहेर आहे आणि रिसेटमध्ये वेळ घालवण्यात अर्थ नाही. पुष्कळ जण या कामासाठी इन्कॉग्निटो खिडकी वापरतात, परंतु ती चाचणी तितकी स्वच्छ नसते, कारण इन्कॉग्निटोमध्ये शोधयंत्र आणि बऱ्याच सेटिंग मूळ प्रोफाइलच्याच राहतात आणि एखाद्या एक्स्टेन्शनला तशी मुभा दिलेली असेल तर तेही तिथे चालते.

गेस्ट खिडकीही संथ निघाली तर पहिला संशय स्मृतीवर, म्हणजे रॅमवर, घ्यावा. क्रोम प्रत्येक टॅबसाठी आणि प्रत्येक एक्स्टेन्शनसाठी साधारणपणे वेगळी प्रक्रिया चालवतो. त्यामुळे एक टॅब कोसळला तरी बाकीचे वाचतात, पण त्याची किंमत रॅममध्ये मोजावी लागते. ४ जीबी पैकी बराचसा भाग विंडोज आणि अँटिव्हायरस आधीच घेऊन बसलेले असतात. उरलेल्या जागेत हिशेबाचे सॉफ्टवेअर, एक्सेल आणि पंचवीस टॅब कोंबले की विंडोज हार्ड डिस्कचा काही भाग रॅमसारखा वापरू लागते आणि डिस्क फिरत्या तबकडीची असेल तर सगळा कारभार गोगलगाईच्या गतीला येतो. क्रोम चालू असताना शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबली की ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. त्यात कोणता टॅब किंवा कोणते एक्स्टेन्शन किती स्मृती आणि किती प्रोसेसर खात आहे ते ओळीने दिसते. फायरफॉक्समध्ये हेच काम पत्त्याच्या पट्टीत ‘अबाउट’, कोलन आणि ‘प्रोसेसेस’ असे इंग्रजीत सलग टाइप केल्याने होते. क्रोमच्या सेटिंगमध्ये ‘परफॉर्मन्स’ या विभागात मेमरी सेव्हर आहे, तो चालू ठेवावा. बराच वेळ न पाहिलेल्या टॅबची स्मृती तो मोकळी करतो. मात्र त्यामुळे झोपलेला टॅब पुन्हा उघडताना नव्याने लोड होतो आणि अर्धवट भरलेला अर्ज कोरा होण्याची शक्यता असते, म्हणून विवरणपत्रे भरण्याची संकेतस्थळे तेथील अपवादांच्या यादीत घालून ठेवावीत. इतके करून भागत नसेल तर सरळ रॅम ८ जीबी करावी आणि जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, बसवावी. या खर्चाची बरोबरी कोणतेही रिसेट करू शकत नाही, हे मी सगळ्याच गिऱ्हाइकांना सांगतो आणि निम्मे ऐकत नाहीत.

विंडोजची आवृत्तीही पाहावी. विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती; फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेली ११० वी आवृत्ती त्या यंत्रांवर बसत नाही. अशा संगणकावर नवी संकेतस्थळे अडखळली तर सेटिंग बदलून काही साधणार नाही. आपल्याकडे विंडोज १० आहे, त्यावर क्रोम व्यवस्थित चालतो; पण मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आहे, हे ग्राहकांची कागदपत्रे ठेवणाऱ्या कार्यालयाने ध्यानात घ्यायला हवे.

पाने संथ नसून उघडतच नसतील, म्हणजे ब्राउझर अडवल्यासारखा वागत असेल, तर कारण प्रोफाइलच्या बाहेर असण्याची शक्यता आणखी वाढते. इथे चार जागा मी ठरलेल्या क्रमाने पाहतो. सर्वात आधी घड्याळ. हे ऐकून लोक हसतात, पण वीज वारंवार जाणाऱ्या गावांमध्ये मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा गोल सेल संपलेला असला की संगणक प्रत्येक वेळी काही वर्षे मागच्या तारखेने सुरू होतो. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला मुदत असते. संगणकाची तारीख त्या मुदतीत बसत नसल्याने ब्राउझर एकामागून एक सगळी पाने धोकादायक ठरवतो. एका सेवा केंद्रावर याच कारणाने दोन दिवस काम अडले होते आणि तोवर तिथल्या मुलांनी क्रोम दोनदा रिसेट केला होता, एकदा काढून पुन्हा टाकला होता. काही रुपयांच्या सेलने काम झाले.

दुसरी जागा प्रॉक्सी, म्हणजे आपली इंटरनेटची ये-जा ज्याच्यामार्फत होते तो मधला संगणक. विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ या विभागात ‘प्रॉक्सी’ हे पान असते. काही उपद्रवी प्रोग्राम तिथे स्वतःचा पत्ता घालतात, म्हणजे आपली सगळी ये-जा त्यांच्या हातून होते. पुढे अँटिव्हायरसने तो प्रोग्राम काढला की पत्ता तसाच राहतो, पण त्याच्या पलीकडे कुणी नसते आणि ब्राउझर प्रॉक्सीशी संपर्क होत नसल्याची तक्रार करीत बसतो. घरी किंवा लहान कार्यालयात ‘मॅन्युअल प्रॉक्सी’ सहसा लागत नाही. ती आणि आपण न घातलेली ‘सेटअप स्क्रिप्ट’ दोन्ही बंद करावीत. क्रोम आणि एज विंडोजची प्रॉक्सी वापरतात, म्हणून हे दोन्ही एकदम अडतात. फायरफॉक्सला मात्र प्रॉक्सीची स्वतःची स्वतंत्र व्यवस्था ठेवता येते, त्यामुळे त्याची सेटिंग वेगळी तपासावी लागते. तिसरी जागा ‘होस्ट्स’ नावाची फाइल. संकेतस्थळाचे नाव कोणत्या पत्त्यावर न्यायचे हे संगणक आधी हिच्यात पाहतो. सी ड्राइव्हवर विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी अशा क्रमाने आत गेल्यावर ती सापडते. सर्वसाधारण संगणकावर तिच्या बहुतेक ओळींच्या सुरुवातीला हॅशची खूण असते, म्हणजे त्या निष्क्रिय असतात. तिथे एखाद्या ओळखीच्या संकेतस्थळाचे नाव हॅशशिवाय लिहिलेले दिसले तर ते संकेतस्थळ न उघडण्याचे कारण सापडले असे समजावे. चोरीचे सॉफ्टवेअर चालावे म्हणून या फाइलमध्ये भर घालण्याची जुनी खोड आहे आणि भर घालणारा सहसा ते सांगत नाही.

चौथी जागा जरा जास्त समजून घ्यायला हवी, कारण आपल्या शोधाच्या तक्रारीचा संबंध तिच्याशी असू शकतो. क्रोमच्या तीन ठिपक्यांच्या मेनूमध्ये सर्वात तळाशी ‘तुमचा ब्राउझर तुमच्या संस्थेकडून व्यवस्थापित केला जातो’ अशा अर्थाची ओळ दिसते का ते पाहा. बँका, मोठ्या कंपन्या आणि सरकारी कार्यालये आपल्या संगणकांवर धोरणे लादतात. कोणते शोधयंत्र, कोणते एक्स्टेन्शन सक्तीचे, कोणती संकेतस्थळे बंद, हे त्यातून ठरते आणि वापरणाऱ्याला ते बदलता येत नाही. ही सोय त्यांच्यासाठी रास्त आहे. जाहिराती घुसवणारे प्रोग्रामही नेमका हाच दरवाजा वापरतात, कारण धोरण म्हणून बसवलेले एक्स्टेन्शन काढण्याचे बटणच निष्क्रिय होते आणि रिसेट केल्यावरही ते जसेच्या तसे राहते. आपला संगणक कोणत्याही संस्थेच्या व्यवस्थेत नसताना ही ओळ दिसली तर पत्त्याच्या पट्टीत ‘क्रोम’, कोलन, दोन तिरप्या रेघा आणि ‘पॉलिसी’ असे इंग्रजीत टाइप करून कोणती धोरणे लागू आहेत ती यादी पाहावी. काही अँटिव्हायरसही एखादे धोरण लावतात, म्हणून ओळ दिसली की घाबरण्याचे कारण नाही. अनोळखी शोधयंत्राचा पत्ता किंवा सक्तीने बसवलेल्या एक्स्टेन्शनची नोंद असेल तर मात्र ती घुसखोरी आहे. ही धोरणे विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या सेटिंगच्या अंतर्गत नोंदवहीत, ‘सॉफ्टवेअर’, ‘पॉलिसीज’, ‘गूगल’, ‘क्रोम’ या वाटेवर असतात. तिथे हात घालण्यापूर्वी ती शाखा फाइल म्हणून बाहेर काढून ठेवावी, आणि रजिस्ट्रीची सवय नसेल तर हे काम जाणकाराकडून करून घ्यावे. मूळ उपद्रवी प्रोग्राम आधी न काढता धोरण पुसले तर पुढच्या वेळी संगणक सुरू होताच ते परत येते.

जुन्या मार्गदर्शिकांमध्ये क्रोममधील ‘क्लीन अप कॉम्प्युटर’ हे साधन वापरण्याचा सल्ला असतो. ते शोधत बसू नये. मार्च २०२३ मधील १११ व्या आवृत्तीपासून गूगलने ते काढून टाकले आहे. त्याऐवजी कंट्रोल पॅनेलमधील प्रोग्रामांची यादी स्थापनेच्या तारखेनुसार लावून, त्रास सुरू झाला त्या सुमारास आलेले आणि आपल्याला न आठवणारे प्रोग्राम काढावेत आणि नंतर विंडोज सिक्युरिटीतून पूर्ण तपासणी करावी. तिथेच ‘ऑफलाइन स्कॅन’ हा पर्यायही आहे; त्यात संगणक पुन्हा सुरू होऊन विंडोज पूर्ण उघडण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे चालू अवस्थेत लपून बसणारे प्रोग्रामही पकडले जाण्याची शक्यता वाढते. हे सगळे झाल्यावर क्रोमच्या डेस्कटॉपवरील चिन्हाचे ‘प्रॉपर्टीज’ उघडून ‘टार्गेट’ या रकान्यात प्रोग्रामच्या नावापुढे एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता चिकटवलेला नाही ना, हेही पाहून घ्यावे.

कोपऱ्यातील विषाणूच्या सूचनांचे मूळ बहुतेक वेळा अगदी साधे असते. एखाद्या पानाने ‘तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा’ असे सांगितलेले असते आणि कुणीतरी ते दाबलेले असते. त्या क्षणापासून त्या संकेतस्थळाला आपल्या पडद्यावर सूचना पाठवण्याचा परवाना मिळतो आणि विंडोजच्या सूचनेच्या पोशाखात जाहिराती येऊ लागतात. संगणकात विषाणू असायलाच हवा असे नाही. क्रोमच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, मग ‘साइट सेटिंग्ज’, मग ‘नोटिफिकेशन्स’ असे गेल्यावर परवानगी दिलेल्या संकेतस्थळांची यादी दिसते. अनोळखी नावे काढली की त्रास तिथल्या तिथे थांबतो. रिसेटनेही या परवानग्या जातात, पण डास मारायला घर झाडण्याची गरज नसते.

पडदाभर पसरणारा इशारा हा फसवणुकीचा धंदा आहे. कधी त्यात मायक्रोसॉफ्टच्या नावाने दूरध्वनी क्रमांक असतो, तर कधी सरकारी बोधचिन्ह लावून दंड भरण्याची धमकी असते. पान स्वतःला पूर्ण पडद्यावर नेते, माउसचा बाण लपवते, मोठा आवाज करते आणि संगणक बंद पडल्याचा आभास निर्माण करते. प्रत्यक्षात ते एक साधे वेबपान असते. एस्केप बटण काही सेकंद दाबून धरावे. न सुटल्यास ऑल्ट आणि एफ४, आणि तेही न चालल्यास कंट्रोल, शिफ्ट व एस्केप एकत्र दाबून विंडोजच्या टास्क मॅनेजरमधून ब्राउझर संपवावा. पुन्हा उघडल्यावर ‘रिस्टोअर’ची विचारणा झाली तर नकार द्यावा, नाही तर तेच पान परत उभे राहील. आपल्या क्रोममध्ये ‘जिथे सोडले तिथून सुरू करा’ ही सेटिंग असेल तर इंटरनेटची वायर किंवा वायफाय बंद करून ब्राउझर उघडावा, तो टॅब बंद करावा आणि मगच जोडणी सुरू करावी. त्या क्रमांकावर कुणी फोन केला असेल आणि सांगितल्यावरून दूरस्थ नियंत्रणाचे ॲप टाकले असेल, तर मात्र हा ब्राउझरचा प्रश्न उरत नाही. इंटरनेट तोडावे, बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलावेत आणि पैसे गेले असतील तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवावे.

आता चाचणीत दोष प्रोफाइलमध्येच निघाला असे धरू. रिसेटपूर्वी एक छोटा प्रयोग करून पाहावा: सगळी एक्स्टेन्शन बंद करून ब्राउझर नव्याने सुरू करावा. दोष नाहीसा झाला तर निम्मी चालू करावीत, मग उरलेल्यांपैकी निम्मी, अशा पद्धतीने अपराधी लवकर सापडतो. माझ्या अनुभवात संथ ब्राउझरच्या पुष्कळ तक्रारी इथेच मिटतात. पीडीएफचे रूपांतर करणारी, खरेदीवर कूपन शोधून देणारी आणि नव्या टॅबवर सुंदर चित्र दाखवणारी फुकट एक्स्टेन्शन मी सर्वात आधी तपासतो.

तरीही रिसेट करायचे ठरले तर आधी तीन तयाऱ्या कराव्यात. बुकमार्क जात नाहीत हे खरे असले तरी कंट्रोल, शिफ्ट आणि ओ दाबून बुकमार्क मॅनेजर उघडावा आणि त्यांची एक फाइल बाहेर काढून पेन ड्राइव्हवर ठेवावी. पासवर्डही गूगल पासवर्ड मॅनेजरच्या सेटिंगमधून फाइलच्या रूपात उतरवून घेता येतात, पण त्या साध्या मजकुराच्या सीएसव्ही फाइलमध्ये प्रत्येक पासवर्ड उघड्या अक्षरांत असतो, हे विसरू नये. दुसरी तयारी लॉगिनची. क्रोम आणि एजच्या रिसेटमध्ये कुकीज जातात, त्यामुळे प्रत्येक संकेतस्थळावरून आपण बाहेर पडता. ईमेलच्या दुहेरी पडताळणीचा कोड कोणत्या मोबाइलवर येतो आणि तो मोबाइल आज कार्यालयात आहे का, हे पाहून घ्यावे. व्हॉट्सॲप वेबही फोनशी पुन्हा जोडावे लागू शकते. विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेच्या दिवशी तर हा उद्योग करूच नये. तिसरी तयारी सिंकची, म्हणजे एकाच खात्याने वेगवेगळ्या यंत्रांवरील ब्राउझर सारखे ठेवण्याच्या सोयीची. गूगल खात्याशी सिंक चालू असेल तर रिसेट करताना ते तात्पुरते बंद ठेवावे. घरच्या संगणकावर तेच खराब एक्स्टेन्शन असेल तर सिंकच्या वाटेने ते कार्यालयात परत येते, आणि उलट दिशेने इथल्या बदललेल्या काही सेटिंग घरच्या यंत्रावर उतरू शकतात.

प्रत्यक्ष कृती दोन मिनिटांची आहे. क्रोममध्ये तीन ठिपके, ‘सेटिंग्ज’, डाव्या बाजूला ‘रिसेट सेटिंग्ज’, त्यात ‘रिस्टोअर सेटिंग्ज टू देअर ओरिजिनल डिफॉल्ट्स’, आणि पुढच्या चौकटीत खात्री. त्याने सुरुवातीचे पान, नव्या टॅबचे पान, शोधयंत्र आणि पिन केलेले टॅब मूळ स्थितीत जातात, संकेतस्थळांना दिलेल्या परवानग्या रद्द होतात, कुकीज पुसल्या जातात आणि सगळी एक्स्टेन्शन बंद होतात. बंद होतात, निघून जात नाहीत. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण नकोशी एक्स्टेन्शन त्यानंतर आपणच एकेक करून काढायची असतात. एजमध्ये सेटिंगच्या यादीत ‘रिसेट सेटिंग्ज’ आहे आणि परिणाम जवळपास हाच. जानेवारी २०२० पासून एजही क्रोमच्याच क्रोमियम या पायावर उभा आहे.

फायरफॉक्सची रीत निराळी आहे आणि मला ती अधिक पसंत आहे. मेनूतील ‘हेल्प’मध्ये ‘मोअर ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ उघडल्यावर ‘रिफ्रेश फायरफॉक्स’ हे बटण दिसते. ते दाबल्यावर फायरफॉक्स एक नवे कोरे प्रोफाइल तयार करतो आणि जुन्यातून बुकमार्क, इतिहास, पासवर्ड, कुकीज आणि अर्जांत भरलेली माहिती अशा मोजक्याच गोष्टी त्यात आणतो. म्हणजे क्रोमच्या उलट, इथे लॉगिन बहुधा टिकतात, पण एक्स्टेन्शन आणि थीम समूळ जातात. आपल्यासारख्या कार्यालयाने इथे एक गोष्ट जपावी: फायरफॉक्समध्ये स्वतंत्रपणे बसवलेली सुरक्षा प्रमाणपत्रे आणि डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनची जोडणी या प्रक्रियेत नव्या प्रोफाइलमध्ये येत नाही, ती पुन्हा करावी लागते. जुने प्रोफाइल ‘ओल्ड फायरफॉक्स डेटा’ या नावाच्या फोल्डरमध्ये डेस्कटॉपवर ठेवले जाते. काही राहून गेले असेल तर ते तिथून काढता येते.

ॲपलच्या सफारीत पूर्वी ‘रिसेट सफारी’ ही आज्ञा होती. २०१४ च्या आठव्या आवृत्तीपासून ती नाही. तिथे इतिहास पुसणे आणि एक्स्टेन्शन बंद करणे हे वेगवेगळे करावे लागते. अँड्रॉइड फोनवर फोनच्या सेटिंगमधून क्रोमचे ‘स्टोरेज’ उघडून आधी फक्त कॅशे, म्हणजे पानांच्या तात्पुरत्या साठवलेल्या फाइल, साफ करावा. तिथला सगळा डेटा साफ करण्याचा पर्याय संगणकावरील रिसेटपेक्षा कितीतरी कठोर आहे, कारण सिंक नसेल तर त्यात बुकमार्कही जातात.

रिसेटनंतरचा पहिला दिवस थोडा चिडचिडीचा जातो, त्याची कल्पना असलेली बरी. चलन किंवा पावती नव्या खिडकीत उघडणारी सरकारी संकेतस्थळे अचानक गप्प बसल्यासारखी वाटतील, कारण पॉपअपची जुनी परवानगी गेलेली असते. पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला उमटणाऱ्या छोट्या चिन्हावर क्लिक करून तेवढ्या संकेतस्थळाला ती पुन्हा द्यावी, सरसकट सगळ्यांना देऊ नये. मराठी टाइप करण्यासाठी गूगल इनपुट टूल्सचे एक्स्टेन्शन वापरत असाल तर तेही बंद झालेले असेल आणि कर्मचारी ‘मराठी गेली’ म्हणून ओरडतील. ते चालू करण्यापेक्षा या निमित्ताने विंडोज १० मधील मराठी फोनेटिक कळफलक बसवावा असे मी सुचवेन. मे २०१९ च्या अद्यतनापासून तो विंडोजमध्येच आहे आणि ब्राउझरपुरता मर्यादित नसल्याने वर्ड आणि एक्सेलमध्येही चालतो.

आपल्या बाबतीत मी पुढील क्रमाने जाईन. आज नोटिफिकेशनची यादी साफ करावी, मेनूच्या तळाशी ती संस्थेची ओळ आहे का ते पाहावे आणि गेस्ट खिडकीची चाचणी करावी. ओळ नसेल आणि गेस्ट खिडकीत शोध सरळ चालत असेल, तर तयारी करून येत्या शनिवारी संध्याकाळी रिसेट करावे. एक्स्टेन्शनपैकी खरोखर लागणारे एक चालू करून दोन दिवस काम करावे, मग दुसरे. ब्राउझर उघडायला त्यानंतरही मिनिटभर लागत असेल तर तो हिशेब रॅम आणि डिस्कच्या नावे मांडावा. सगळे बुकमार्क आणि पासवर्ड जागेवर आहेत याची खात्री झाली की उतरवून घेतलेली ती सीएसव्ही फाइल डेस्कटॉपवरून आणि रिसायकल बिनमधूनही काढावी. फायरफॉक्सचे रिफ्रेश केले असेल तर जुन्या प्रोफाइलचा फोल्डरही डेस्कटॉपवर ठेवू नये, कारण आपल्या ग्राहकांच्या खात्यांच्या किल्ल्या त्यातही असतात.